हौसेचं मोल, दर लिटरमागे

तुम्ही वॉटफर्डला आला असाल तर बहुधा हॅरी पॉटरचा स्टुडिओ बघायला, नाहीतर जंक्शनला ट्रेन बदलायला. मी इथे सहा वर्षं राहते. या गावातली मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी जागा म्हणजे सेंट ऑल्बन्स रोडजवळचा एक पेट्रोल पंप.

मागच्या उन्हाळ्यात माझे मामा सांगलीहून आले होते. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा मामेभाऊ (आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो), त्यांना आपल्या गाडीतून फिरवत होता. गाडी २०१९ ची फोर्ड मस्टँग. सेकंडहँड, पण इंजिन पाच लिटरचं व्ही-एट. मी मागच्या सीटवर होते. मस्टँगच्या मागच्या सीटवर बसायचं म्हणजे गुडघे हनुवटीला लावून बसायचं, ते असो. पंपावर दादा उतरला, त्याच्यामागे मामाही उतरले. इथे पेट्रोल आपलं आपणच भरायचं असतं, याचं त्यांना अजून नवल वाटत होतं. मशीनवर दोन आकडे पळत होते. लिटरचा ५८ वर थांबला, पौंडाचा ८१ वर. मामा काही क्षण गप्प राहिले आणि मग तुमच्या-माझ्या घरातल्या प्रत्येक गाडीबद्दल विचारला गेलेला प्रश्न त्यांनी विचारला: "किती देते रे?"

दादा म्हणाला, "वीस."

मामांचा चेहरा उजळला. एवढ्या मोठ्या गाडीला वीस म्हणजे वाईट नाही. मग दादाने खुलासा केला की वीस मैल, आणि तेही गॅलनला. मामा सहकारी साखर कारखान्यातून अकाउंटंट म्हणून निवृत्त झालेत. सीटबेल्ट लावेपर्यंत त्यांचा तोंडी हिशेब झाला होता. "म्हणजे सात. लिटरला सात." त्यानंतर एम-वन लागेपर्यंत गाडीत फक्त इंजिनच बोलत होतं.

या आठवड्याच्या भागात आम्ही गाड्या आणि स्थलांतर यांवर बोललो, पण हा प्रसंग सांगायचा राहिला. म्हणून हा लेख.

आधी त्या प्रश्नाकडेच बघा. मराठीत गाडी "देते". म्हैस दूध देते तशी. आपण गाडीकडे दुभत्या जनावराच्या नजरेने बघतो: वैरण किती आणि दूध किती? अमेरिकन गाड्यांची नावं मात्र वेगळीच जनावरं सांगतात. मस्टँग म्हणजे रानात मोकाट फिरणारा घोडा, चार्जर म्हणजे युद्धावरचा घोडा. घोडा काही देत नाही, तो खातो आणि धावतो. लिटरला सात हे ऐकून मामा जे गप्प झाले, ते पैशापायी कमी आणि या जनावरांच्या गोंधळापायी जास्त, असं मला वाटतं. आपल्या मुलाने गोठ्यात हा कुठला प्राणी आणून बांधला आहे?

माझं म्हणणं आत्ताच सांगून टाकते. पेट्रोल महाग असलेल्या देशात मसल कारचं खरं आकर्षण ताकदीचं नाहीच. ते हिशेब न करण्याच्या मोकळिकीचं आहे. ती मोकळीक मूळ गाडीला फुकट मिळाली होती, इथे ती विकत घ्यावी लागते. आणि तुम्ही-आम्ही ज्या सिनेमांतून ही हौस शिकलो, ते तिचं बिल कधी दाखवत नाहीत.

अमेरिकेत ही गाडी स्वस्ताईतून जन्मली. १९६४ साली पाँटिॲकने मध्यम आकाराच्या गाडीत मोठं इंजिन बसवून जीटीओ काढली. त्याच वर्षी १७ एप्रिलला न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात मस्टँग आली, किंमत २,३६८ डॉलरपासून पुढे. (जाणकार लगेच म्हणतील की मस्टँग ही मसल कार नव्हे, पोनी कार. मान्य. पण व्ही-एट घातल्यावर या भांडणात फारसं तेल उरत नाही.) पेट्रोल गॅलनला तीस सेंटच्या आसपास होतं. नुकता नोकरीला लागलेला पोरगाही हप्त्यावर अशी गाडी घेऊ शकत होता. तिचा सगळा डौल या साधेपणात होता. ती श्रीमंताची गाडी नव्हती. मग १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा आला, तरुण चालकांना विम्याचे जबर हप्ते लागले, आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. पहिला बहर तिथे संपला. त्याच हिवाळ्यात ब्रिटनमध्ये पेट्रोलची रेशन-कुपनं वाटली गेली (वापरायची वेळ आली नाही) आणि वेगाची मर्यादा ताशी ५० मैलांवर आणली गेली.

म्हणजे वॉटफर्डमधली मस्टँग ही डेट्रॉइटच्या मस्टँगची नक्कल नाही, ती तिची उलटी बाजू आहे. तिकडे ती सगळ्यांना परवडायची म्हणून आवडायची. इकडे ती परवडत नाही, आणि आवडण्याचं कारणही तेच.

आता सिनेमाकडे. ज्या स्टुडिओत तुम्ही हॉगवर्ट्सचं जेवणघर बघायला जाता, त्याच लीव्ह्जडेनच्या आवारात २०१९ च्या उन्हाळ्यात "फास्ट अँड फ्युरियस" मालिकेच्या नवव्या चित्रपटाचं चित्रीकरण सुरू झालं. पूर्वी तिथे विमानांचा आणि विमानांच्या इंजिनांचा कारखाना होता. डॉम टोरेटोचं लॉस एंजेलिस आपल्या बसच्या रस्त्यावर होतं, हे कळल्यावर दादाला जो आनंद झाला तो मी शब्दांत सांगू शकत नाही. तो सिनेमा आम्ही दोघांनी मिळून तीनदा पाहिला. मला तो आवडला नाही, पण कंटाळाही आला नाही, आणि हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

या मालिकेचा पहिला चित्रपट (२००१) पुन्हा बघा. त्यात डॉमच्या वडिलांची १९७० ची डॉज चार्जर आहे. ती जवळजवळ सगळा वेळ गॅरेजमध्ये उभी असते. डॉम ती चालवत नाही, कारण त्याला तिची भीती वाटते. ही माणसं डीव्हीडी प्लेयरचे ट्रक लुटून पोट भरतात. म्हणजे त्या चित्रपटाला ठाऊक होतं की असली गाडी रोज चालवायची वस्तू नसते. ती घरात ठेवलेली आठवण असते, आणि ती बाहेर काढली की काहीतरी किंमत द्यावी लागते. २००९ च्या चौथ्या चित्रपटाची सुरुवात तर डॉमिनिकन रिपब्लिकच्या घाटातल्या पेट्रोलच्या टँकरच्या चोरीने होते. इंधन ही चोरण्याइतकी मौल्यवान चीज आहे, हे त्या प्रसंगाच्या मुळाशी आहे. माझ्या मते या मालिकेतला सगळ्यात प्रामाणिक प्रसंग तोच.

नवव्या चित्रपटापर्यंत हे सगळं विसरलं गेलंय. गाड्यांना लोहचुंबक लावून एडिनबरोच्या रस्त्यांवर वस्तू उडवल्या जातात, आणि शेवटी एक पाँटिॲक फिएरो रॉकेट लावून थेट अंतराळात जाते. लोक यावर हसले की हे अशक्य आहे. माझी तक्रार ती नाही. अशक्य गोष्टी मला आवडतात, मी दादा कोंडक्यांचे सिनेमे बघत मोठी झाले. माझी तक्रार अशी की या गाड्यांना आता वजन उरलेलं नाही आणि तहानही नाही. तहान नसलेली मसल कार म्हणजे घाम न येणारा पैलवान. तो दिसायला तगडा असेल, पण आखाड्यात त्याचं काम नाही. अडीच तासांत कुटुंब हा शब्द इतक्या वेळा येतो, पण त्या कुटुंबाच्या पेट्रोलचं बिल कोण भरतं, हे कुणी विचारत नाही. आपल्या घरात हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत आला असता.

तरीही एक गोष्ट या मालिकेच्या पदरात टाकलीच पाहिजे. त्याआधी टीव्हीवरची सगळ्यात प्रसिद्ध चार्जर होती "द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड" मधली, १९६९ ची, भगव्यासारख्या नारिंगी रंगाची. तिच्या टपावर गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा झेंडा रंगवलेला होता. ती मालिका बीबीसीवरही लागायची. आपल्या रंगाचं इथलं पोर ती बघत असेल तर त्या गाडीत स्वतःला कुठे बसवणार? डॉमच्या टोळीत मात्र सगळ्या रंगांची माणसं आहेत. नववा चित्रपट ज्याने दिग्दर्शित केला तो जस्टिन लिन तैवानमध्ये जन्मलेला. दादाला ही हौस लागली ती या दारातून, आणि ते दार खरं होतं. म्हणून त्याला "अमेरिकन चाळे" म्हणून झटकून टाकणाऱ्या नातेवाईकांशी माझं पटत नाही.

मग ब्रिटनमध्ये गाड्या लहान का? "इथले रस्ते अरुंद" हे उत्तर तुम्ही ऐकलं असेल. ते अर्धवट आहे. १९२१ पासून इथे गाडीवर हॉर्सपॉवरमागे एक पौंड कर होता, आणि ती हॉर्सपॉवर मोजली जायची सिलिंडरच्या व्यासावरून. पिस्टन कितीही लांब पळू दे, व्यास लहान तर कर लहान. फोर्डच्या मॉडेल टी चा व्यास मोठा, म्हणून तिला वर्षाला तेवीस पौंडांच्या आसपास भुर्दंड पडायचा. १९२२ मध्ये आलेल्या ऑस्टिन सेव्हनला आठ. इथल्या इंजिनिअरांनी मग अरुंद आणि लांब सिलिंडरची इंजिनं बनवली, आणि दोन पिढ्यांत लोकांना वाटायला लागलं की लहान इंजिन हा ब्रिटिश स्वभावच आहे. तो कर दुसऱ्या महायुद्धानंतर गेला, सवय राहिली. १९६९ मध्ये फोर्डनेच युरोपसाठी मस्टँगची धाकटी बहीण काढली, कॅप्री. लांब नाक, मागे उतरतं छप्पर, आणि सगळ्यात स्वस्त मॉडेलच्या त्या लांब नाकाखाली १.३ लिटरचं इंजिन. नाकाचा बराचसा भाग रिकामाच.

आजचे कर बघितले तर मात्र डोकं चक्रावतं. पेट्रोलवरची ड्यूटी २०११ मध्ये लिटरला ५७.९५ पेन्सवर गोठवली, २०२२ मध्ये त्यातून पाच पेन्स कमी केले. वर वीस टक्के व्हॅट. एक पौंड चाळीसच्या लिटरमधले निम्म्याहून जास्त पैसे सरकारचे. म्हणजे मोठ्या इंजिनवाल्याने जास्त भरावं, बरोबर? पण एप्रिल २०१७ नंतर नोंदलेल्या गाडीला पहिल्या वर्षी धुरावर जबर कर लागतो आणि दुसऱ्या वर्षापासून सपाट दर. महागड्या गाडीवरचा काही वर्षांचा अधिभार सोडला तर दादाची पाच लिटरची मस्टँग आणि शेजारणीची एक लिटरची हॅचबॅक वर्षाला सारखाच कर भरतात.

याहून मजेशीर गोष्ट वॉटफर्डच्या वेशीवर आहे. आपलं गाव लंडनच्या हद्दीबाहेर, हर्टफर्डशरमध्ये. बुशी ओलांडून हॅरोकडे निघालात की युलेझची पाटी लागते. २९ ऑगस्ट २०२३ पासून ती सगळ्या लंडनभोवती आहे, आणि जुन्या डिझेल गाडीला तिथे दिवसाला साडेबारा पौंड पडतात. रात्रपाळी करणारा माझा एक ओळखीचा माणूस जुनी डिझेल व्हॅन चालवायचा, त्याने ती विकली. पण चाळीस वर्षांहून जुनी, ऐतिहासिक म्हणून नोंदलेली गाडी? तिला माफी. रोड टॅक्स शून्य, वार्षिक तपासणी नाही. ७.२ लिटरची १९७० ची चार्जर त्या पाटीखालून फुकट जाते. अशा गाड्या थोड्या आहेत, वर्षाला थोडंच पळतात, हे कारण मला समजतं. पण कायद्यानेही इथे सिनेमाचीच बाजू घेतलेली दिसते. गरज म्हणून चालवलेल्या जुन्या गाडीला दंड, हौस म्हणून चालवलेलीला सूट.

आणि एक युक्ती जी कुणी मुद्दाम केलेली नाही, पण लागू पडते. इथे पेट्रोल लिटरने विकतात आणि ॲव्हरेज गॅलनने सांगतात. हा गॅलनही अमेरिकेचा नाही. इथला ४.५४६ लिटरचा, तिकडचा ३.७८५ चा. पंपावर उभं राहून "या एका मैलाला मला किती पडले" हे काढायला मामांसारखा अकाउंटंट लागतो. आमच्या पिढीला मोबाईल काढावा लागतो, आणि आपण तो काढत नाही.

आता ज्या गाडीसाठी मी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते. वॉटफर्डहून एम-वन धरून उत्तरेकडे अर्ध्या तासात ल्यूटन लागतं. तुम्ही ते स्वस्त विमानांसाठी ओळखता. ल्यूटन हे व्हॉक्सहॉलचं गाव. १९२५ मध्ये ही कंपनी अमेरिकेच्या जनरल मोटर्सने घेतली, आणि तेव्हापासून ल्यूटनच्या गाड्यांवर डेट्रॉइटची सावली पडत राहिली. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी तर इथल्या क्रेस्टाला अमेरिकन गाड्यांसारखे मागे पंखही फुटले होते. १९७२ मध्ये व्हॉक्सहॉलने नवी व्हिक्टर आणली. लांब बॉनेट, कमरेत हलका बाक, रुंद तोंड. १९७६ मध्ये तिचं नाव व्हीएक्स झालं, १९७८ मध्ये ती बंद पडली. आणि मग तो साचा कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला, हिंदुस्थान मोटर्सकडे गेला. १९८४ मध्ये ती गाडी आपल्या रस्त्यांवर आली, कॉन्टेसा म्हणून.

तुमच्या आईवडिलांना विचारा. त्यांना कॉन्टेसा आठवत असेल. तिला आजही हौशी लोक "भारताची मसल कार" म्हणतात, आणि इंटरनेटवर त्यावरून चेष्टाही होते, कारण त्या दमदार बॉनेटखाली सुरुवातीला होतं ॲम्बॅसॅडरचंच दीड लिटरचं इंजिन. जवळजवळ पन्नास हॉर्सपॉवर. चढावर ट्रकच्या मागे अडकली की अडकली. नंतर इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आलं, पुढे डिझेलही आलं, पण तोपर्यंत मारुतीने हवा बदलली होती. २००२ मध्ये कॉन्टेसा बंद झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये ल्यूटनमध्ये कार बनवणंही बंद झालं. व्हॅनचा कारखाना राहिला होता, तो २०२५ च्या मार्चमध्ये गेला.

माझी थिअरी अशी होती: चेष्टा करणारे चुकतात. पेट्रोल महाग असलेल्या देशांनी मसल कारमध्ये घातलेली खरी भर म्हणजे कॅप्री आणि कॉन्टेसा. रूप घ्यायचं आणि भूक सोडून द्यायची. आपल्याला काय हवंय ते कबूल करायचं आणि किती परवडतं तेही. यात फसवणूक नाही, यात एक प्रकारचा समंजसपणा आहे, नऊवारी हवी पण शिवलेली, तसा. मी हे सगळं त्या दिवशी ल्यूटनवरून जाताना गाडीत मोठ्या उत्साहाने मामांना सांगितलं. मामांच्या कारखान्याच्या चेअरमनसाहेबांकडे पांढरी कॉन्टेसा होती, आणि तिच्या पेट्रोलची व्हाउचरं मामांच्या टेबलावरून जायची.

मामा म्हणाले, "ती आठच द्यायची. डोंगरात सात."

माझ्या थिअरीला तिथेच भोक पडलं. पन्नास हॉर्सपॉवरला सात आणि साडेचारशे हॉर्सपॉवरला सात! जड पत्रा, अपुरं इंजिन, ड्रायव्हरचा पाय सतत खाली. दादा इतका हसला की त्याला डावी लेन धरावी लागली. "म्हणजे चेअरमननी नुसता खर्च केला, मजा मीच केली," असं तो म्हणाला, आणि माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं.

अजूनही पूर्ण उत्तर नाही. पण कॉन्टेसाबद्दलचं माझं मत मी थोडंच बदललंय. तिने पेट्रोल वाचवलं नाही हे खरं. तरी तिच्या मागे धावणारी हौस ही आपल्या जवळची होती. आणि मोठ्या अमेरिकन गाड्या आपल्याला परक्या होत्या, असंही नाही. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडत होती. मूळच्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, तीही क्रायस्लरशी करार करून. कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो बाहेर पडायच्या. फियाट नंतर आली. परकीय चलनाची चणचण, सरकारी धोरण, १९५४ मध्ये जनरल मोटर्सने आवरतं घेणं, या सगळ्यांतून लहान गाडी आपली झाली, आणि पद्मिनीची काळी-पिवळी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून उतरेपर्यंत ती आपल्याला "मुंबईची" वाटत राहिली. ब्रिटनचं जे झालं तेच. आधी धोरण, मग सवय, आणि शेवटी त्याला आपण स्वभाव म्हणायला लागतो. काटकसर आपल्या रक्तात आहे, असं कुणी म्हटलं की मला वालचंदांच्या डॉज आठवतात.

एक गोष्ट मात्र या सगळ्या लाडात सुटते, म्हणून सांगते. ११ डिसेंबर २००५, रविवार, पहाटे सहाची वेळ. वॉटफर्डपासून दहा-बारा किलोमीटरवर, हेमेल हेम्पस्टेडजवळ बन्सफील्ड नावाचा तेलाचा डेपो आहे. तिथल्या एका टाकीत रात्रभर पेट्रोल येत होतं. पातळी दाखवणारा काटा अडकला होता, आणि टाकी भरल्यावर पुरवठा थांबवणारं स्विचही चाललं नाही. अडीच लाख लिटरच्या आसपास पेट्रोल ओसंडून वाहिलं, त्याची वाफ थंड हवेत जमिनीलगत पसरली आणि पेटली. त्रेचाळीस माणसं जखमी झाली. रविवार पहाट नसती तर आकडा काय असता याचा विचार करवत नाही. आग काही दिवस जळत होती, एम-वन बंद होता. माझी घरमालकीण तेव्हा नॉर्थ वॉटफर्डमध्ये राहायची. ती सांगते की खिडक्या थरथरल्या आणि तिला वाटलं बॉइलर फुटला. पेट्रोल हे आपल्यासाठी मशीनवरचा आकडा असतं, किंवा सिनेमातला आवाज. त्या सकाळी या जिल्ह्याला ते वाफ आणि वजन असलेली वस्तू म्हणून भेटलं. लीव्ह्जडेनमध्ये स्फोटांचे एवढे प्रसंग चित्रित होतात, पण इतकी साधी, इतकी बिनआवाजी सुरुवात असलेला एकही मी पाहिलेला नाही: अडकलेला एक काटा.

आपल्याकडे म्हणतात, हौसेला मोल नाही. मला ही म्हण आवडते, कारण ती माफ करते. लग्नात, गणपतीत, नव्या घरात आपण तिच्या आधारानेच वाट्टेल ते केलेलं असतं. पण मराठीत हौसेच्या शेजारीच आणखी एक शब्द राहतो, माज. दोन्हींत फरक कुठे पडतो? दादाच्या गल्लीत मला तो ऐकू येतो. त्याच्या गाडीला एक सोय आहे. इंजिन सुरू होताना आवाज दाबून ठेवता येतो, ठरावीक वेळ लावून. कंपनीनेच त्याला चांगल्या शेजाऱ्याचं नाव दिलंय. दादा ती सकाळी सातपर्यंत लावून ठेवतो. त्याच्या एका मित्राकडे तशीच गाडी आहे, तो कधीच लावत नाही, आणि ग्रीन लाइट लागायच्या आधी दोनदा गुरगुरतो. दोघांचं पेट्रोल सारखंच जळतं, धूरही तेवढाच. त्यामुळे ही रेषा तुम्हाला अपुरी वाटेल. मलाही वाटते. धुराच्या बाबतीत मी दादाला माफी देऊ शकत नाही, आणि हे मी त्याला तोंडावर सांगितलंय. त्याने मला गेल्या वर्षीच्या माझ्या विमानप्रवासांची यादी वाचून दाखवली. संशोधकांच्या परिषदा, दुसरं काय.

दादा लहान असताना मामांकडे चेतक होती. पेट्रोल संपत आलं की मामा ती आडवी करून टाकीतले शेवटचे थेंब काढायचे, आणि डिकीत एक छोटी वही असायची: तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये. दादा सांगतो की त्या आडव्या केलेल्या स्कूटरजवळ, भर चौकात, शाळेच्या गणवेशात उभं राहण्याची लाज त्याला अजून आठवते. पाच लिटरचं इंजिन त्याने त्या चौकासाठी घेतलंय, हे मी म्हणत नाही, त्यानेच एकदा म्हटलं होतं.

मामा सहा आठवडे राहिले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सुपरमार्केटमधून एक वही आणली आणि मस्टँगच्या खणात ठेवली. तारीख, मैल, लिटर, पौंड, आणि शेवटी एक नवा रकाना: कारण. "भाजी." "देऊळ." "डॉलिस हिल, मंडळाचा गणपती." ते गेल्यावर महिन्याभराने मी सहज ती वही उघडली. नोंदी चालू होत्या, आता दादाच्या अक्षरात. शेवटची नोंद ऑक्टोबरमधल्या एका रविवारची होती. १९४ मैल, ४४ लिटर, ६२ पौंड. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, "उगाच."